“नायट्रेट ५४” म्हणजे नेमकं किती? पाण्याच्या अहवालातला आकडा वाचायचा कसा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांतल्या माणसांचे केस मुठीमुठीने हातात यायला लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोरं, म्हातारी माणसं, कोणी सुटलं नाही. पहिला संशय पाण्यावर गेला आणि तो जाणारच होता. हा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातलं इथलं भूजल पिढ्यान्‌पिढ्या खारट. नमुने गेले, अहवाल आले, आणि मोबाइलवरून एक ओळ गावोगाव फिरली: “नायट्रेट असायला हवं १०, आहे ५४.”

म्हणजे पाच पटींहून जास्त. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असा आकडा. मी काही वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यामुळे मला मात्र ५४ पेक्षा त्या १० ने जास्त छळलं. हे १० आलं कुठून? आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. मग ५४ म्हणजे पाचपट झालं, की सव्वापट?

त्या दोन आकड्यांमधला घोळ पुढे सोडवूच. आधी आकडा जन्माला कसा येतो ते बघू, कारण विहिरीतून तो तयार होऊन वर येत नाही. बाटली कोणी भरली, कधी भरली, तपासलं काय आणि लिहिलं कुठल्या मापात, हे सगळं त्या एका आकड्याच्या पोटात असतं.

टँकरमध्ये मोजून बघू

अहवालात दोन मापं सारखी भेटतात: मिलिग्रॅम प्रति लिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटर. पहिल्यालाच बोलताना पीपीएम म्हणतात, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. दुसऱ्याला पीपीबी, म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग. ऐकायला सोपं, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

म्हणून दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर घ्या. उन्हाळ्यात आपल्या दारात येतो तोच. त्यात दोन चमचे मीठ टाकलं, साधारण १० ग्रॅम, की झाला एक पीपीएम. नायट्रेटची ४५ ची मर्यादा म्हणजे त्या टँकरमध्ये ४५० ग्रॅम, अर्ध्या किलोच्या पुडीपेक्षा थोडं कमी. आता आर्सेनिक घ्या. त्याची मर्यादा १० पीपीबी. अख्ख्या टँकरमध्ये १०० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या साधारण पाच दाण्यांच्या वजनाइतकं. पारा तर १ पीपीबी: टँकरमध्ये तांदळाचा अर्धा दाणा.

म्हणून अहवालात आकड्याच्या शेजारी माप लिहिलेलं नसेल तर तो आकडा वाचूच नका. “आर्सेनिक ५” हे मिलिग्रॅममध्ये असेल तर मर्यादेच्या पाचशे पट, आणि मायक्रोग्रॅममध्ये असेल तर मर्यादेच्या निम्मं. आकडा तोच, पण एकात पाणी ओठाला लावायचं नाही आणि दुसऱ्यात बिनघोर प्यायचं.

मग १० खरं की ४५?

दोन्ही खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. नायट्रेटच्या एका कणात नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे तीन अणू असतात. आपल्याकडे पूर्ण कणाचं वजन धरतात. अमेरिकेत त्यातल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरतात, आणि तिथली मर्यादा १० आहे. पूर्ण कण नायट्रोजनच्या साधारण ४.४ पट जड असतो. १० ला ४.४ ने गुणा: ४४. म्हणजे अमेरिकेचे १० आणि आपले ४५ जवळपास एकच. सोललेले शेंगदाणे आणि टरफलासकट शेंगा यांच्या वजनात फरक पडतो, तसंच हे.

शेंगा तोलल्या आणि तुलना केली सोललेल्या दाण्यांशी, असं त्या फिरणाऱ्या ओळीत झालेलं दिसतं. ते ५४ पूर्ण नायट्रेटचं असेल, आणि आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे तसंच असायला हवं, तर पाणी मर्यादेपेक्षा सुमारे वीस टक्के वर होतं. दुर्लक्ष करण्यासारखं ते नाहीच. पण पाचपट नव्हतं. शिवाय नायट्रेटमुळे आठवड्याभरात टक्कल पडतं असा वैद्यकाचा अनुभव नाही. त्याचा खरा धोका तान्ह्या बाळांना. बाटलीच्या दुधातून ते पोटात गेलं की रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं.

या नायट्रेटचा व्याप मोठा आहे हेही सांगायला हवं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालानुसार देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत ते ४५ च्या वर आढळलं. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.७४ टक्के. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव आहेत. युरिया, गोठ्यातलं शेण-मूत, शोषखड्डे आणि गळक्या सेप्टिक टाक्या, या सगळ्यांतून ते झिरपत खाली जातं.

“पाणी तर आणलंय बाटलीत, त्यात काय एवढं?”

प्रयोगशाळेत मी पाहिलेल्या चुकांतल्या निम्म्याहून जास्त पाणी आमच्यापर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असायच्या.

एकदा एक शेतकरी काका दोन लिटरच्या कॅनमध्ये विहिरीचं पाणी घेऊन आले. नायट्रेट निघालं १९० च्या घरात. शेजारच्या दोन विहिरी चाळिशीच्या आत होत्या, म्हणून मला खटकलं. विचारलं, “काका, कॅन कसला होता?”

“ठिबकच्या खताचा. पण ताई, चांगला तीनदा विसळला होता.”

“कुठलं खत?”

“तेरा-शून्य-पंचेचाळीस.”

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांच्या लगेच लक्षात येईल. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याचा अर्धा ग्रॅम, म्हणजे एक चिमूट, कॅनच्या मुठीत नाहीतर झाकणाच्या आट्यांत अडकून राहिला, तर त्या दोन लिटर पाण्यात लिटरमागे दीडशे मिलिग्रॅम नायट्रेट त्याच्या एकट्याचंच भरतं. आमची बाटली देऊन नमुना परत आणवला. ३६ निघालं. त्या आठवडाभरात काकांनी विहिरीवरून पिणं बंद केलं होतं, सुनेला अर्ध्या किलोमीटरवरून पाणी आणायला लावलं होतं. एका चिमटीपायी.

पाण्याचा नमुना भिजवून ठेवलेल्या पिठासारखा असतो. ठेवला की बदलतो. त्यातले जीवाणू नायट्रेट खातात, नाहीतर अमोनियापासून नवीन तयार करतात. म्हणून नायट्रेटची बाटली बर्फात ठेवून दोन दिवसांच्या आत पोचवायची. धातूंची गोष्ट वेगळी. शिसं, लोह यांसारखे धातू हळूहळू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात, आणि प्रयोगशाळेत पोचतं ते अर्धं रितं झालेलं पाणी. ते चिकटू नयेत म्हणून त्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकतात. पण नायट्रिक आम्ल म्हणजे नायट्रेटच! ते नायट्रेटच्या बाटलीत पडलं तर काकांच्या कॅनसारखीच गत. जंतूंच्या तपासणीची बाटली आणखी निराळी. ती निर्जंतुक केलेली असते, आत क्लोरिन मारणारी पूड असते, आणि ती विसळायची नसते. बाकीच्या बाटल्या मात्र त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायच्या. म्हणजे एका विहिरीसाठी तीन बाटल्या आणि तीन वेगळे नियम.

हातपंपाचं पाणी घ्यायचं तर आधी काही मिनिटं हापसून पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्यायचं, नाहीतर आपण पाइपाचा गंज तपासतो आणि दोष जमिनीला देतो. विहिरीत तवंगाचं वरचं पाणी नको, तळाचा गाळ ढवळून नको. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ. इतकं साधं, आणि नेमकं हेच राहतं.

यंत्राला कसं कळतं किती आहे ते?

यंत्राला नायट्रेट “दिसत” नाही. त्याला फक्त उजेड कळतो. नायट्रेट एका विशिष्ट अतिनील किरणाला, २२० नॅनोमीटरच्या, गिळतं. नमुन्यातून तो किरण सोडायचा आणि किती अडला ते बघायचं. जास्त अडला तर नायट्रेट जास्त. पण जास्त म्हणजे किती?

वाण्याचा काटा आठवा. पारडं खाली गेलं एवढ्यावरून साखर किती ते कळत नाही. दुसऱ्या पारड्यात वजनं हवीत, आणि त्या वजनांवर वैधमापनवाल्यांचा शिक्काही हवा. प्रयोगशाळेतली वजनं म्हणजे आधीपासून माहीत असलेली द्रावणं: काहीच नसलेलं, ५ चं, १० चं, २० चं, ४० चं. ती एकेक करून यंत्राला दाखवायची, प्रत्येकाचा आकडा टिपायचा, कागदावर ठिपके जोडून सरळ रेषा काढायची. मग तुमचा नमुना त्या रेषेवर कुठे बसतो ते बघायचं. वजनं चुकीची असतील तर कितीही महागडं यंत्र चुकीचंच सांगणार.

रेषा एका हद्दीपर्यंतच सरळ असते. नमुना त्याच्या वर गेला तर पाणी दहापट पातळ करून पुन्हा मोजायचं आणि आलेला आकडा दहाने गुणायचा. गुणायला विसरलं की ९० चे ९ होतात. हसू नका, घाईच्या दिवशी हे होतं, आणि म्हणूनच प्रत्येक अहवालावर तपासणाऱ्याखेरीज दुसऱ्याची सही असावी लागते.

चांगली प्रयोगशाळा स्वतःवरही संशय घेते. शुद्ध पाणी नमुना म्हणून चालवून बघते. त्यात काही निघालं तर भांडी खराब. एकच नमुना दोनदा चालवते. आणि तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडायची: नमुन्यात मुद्दाम ठरावीक भर घालायची आणि ती परत मिळते का बघायचं. दुकानाच्या गल्ल्यात रात्री गुपचूप ५०० रुपये टाकावेत आणि सकाळी मुलाला गल्ला मोजायला सांगावा, तसं. हिशेबात ५०० वाढले तर पोरगं नीट मोजतंय. ४०० च वाढले तर शंभर कुठे गळतात ते शोधायचं. अहवालावर एनएबीएलचं, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, चिन्ह असेल तर त्या प्रयोगशाळेची ही शिस्त बाहेरच्या माणसांनी येऊन तपासलेली असते. फक्त चिन्ह असलं तरी ते तुमच्या तपासणीला लागू आहे का तेही विचारा, कारण ही मान्यता सरसकट मिळत नाही, प्रत्येक घटकासाठी वेगळी असते.

“बीडीएल लिहिलंय, म्हणजे शून्य ना?”

नाही. हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो.

बीडीएल म्हणजे त्या यंत्राला, त्या पद्धतीने, शोधता येण्याइतकं सापडलं नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर सोन्याची चमकी ठेवली तर काटा हलत नाही. चमकी तिथेच असते, भाजीचा काटा तिच्यासाठी बनलेलाच नसतो.

आता समजा अहवालात “आर्सेनिक: बीडीएल” आहे आणि खाली बारीक अक्षरात शोधमर्यादा ५० पीपीबी दिली आहे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा १०. म्हणजे पाण्यात ४० पीपीबी, मर्यादेच्या चौपट आर्सेनिक असलं तरी अहवाल बीडीएलच सांगेल. घरचे खूश होतील आणि पाणी प्यायलं जाईल. म्हणून बीडीएल दिसलं की लगेच शेजारी बघा: शोधमर्यादा किती? ती मानकाच्या मर्यादेपेक्षा बरीच खाली हवी. ती लिहिलेलीच नसेल तर फोन करून विचारा. पैसे तुम्ही भरले आहेत.

याचीच दुसरी बाजू अशी की यंत्रं दिवसेंदिवस बारीक होत चालली आहेत. पूर्वी जिथे बीडीएल यायचं तिथे आता ०.३ पीपीबी असा आकडा येतो आणि लोक म्हणतात, पाणी बिघडलं. पाणी तेच असतं. काटा सोनाराचा आला.

“एवढं महागडं मशीन, ते तर चुकणार नाही!”

पीपीबीच्या पातळीवर धातू मोजायला आयसीपी-एमएस नावाचं यंत्र वापरतात. त्यात आर्गॉन वायूची हजारो अंश तापमानाची ज्वाला असते. पाण्याचा फवारा तिच्यात गेला की प्रत्येक पदार्थाचे अणू सुटे होतात, आणि यंत्र ते वजनानुसार मोजतं. आर्सेनिकच्या अणूचं वजन ७५. म्हणजे ७५ च्या खिडकीत जे येईल ते आर्सेनिक.

पण ज्वालेतल्या आर्गॉनचं वजन ४०. पाणी खारट असेल तर त्यात क्लोरिन भरपूर, आणि त्याच्या बहुतेक अणूंचं वजन ३५. हे दोघे ज्वालेत एकमेकांना चिकटले की झाले ७५. ते थेट आर्सेनिकच्या खिडकीत जाऊन बसतात. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात नसलेलं आर्सेनिक “सापडू” शकतं ते असं. सेलेनियम या मूलद्रव्याचीही तीच अडचण. त्याच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या अणूचं वजन ८०, आणि दोन आर्गॉन एकत्र आले की ८०.

जाणकार प्रयोगशाळा यावर उपाय करतात. मध्ये हीलियम किंवा हायड्रोजन वायूचा कप्पा ठेवतात, त्यात ही जोडलेली बनावट जोडपी अडकतात. नाहीतर त्याच मूलद्रव्याच्या दुसऱ्या वजनाच्या अणूवरून पडताळा घेतात. यंत्राइतकंच ते चालवणारं माणूस महत्त्वाचं आहे, हे मी तिथे शिकले.

“आमच्याकडे टीडीएस मीटर आहे की”

पेनासारखं ते मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून एकूण विरघळलेले क्षार किती असतील याचा अंदाज देतं. पाणी खारं आहे की गोडं एवढं कळायला ते ठीक. पण ते क्षार कुठले, हे त्याला अजिबात कळत नाही. टीडीएस ३०० असलेल्या पाण्यात ५० पीपीबी आर्सेनिक असलं तर ते ३०० मधले ०.०५. मीटर ढिम्म हलणार नाही. आणि पाण्यात जंतू कितीही असोत, ते गुमान “१५०, उत्तम” दाखवेल. चवीला गोड लागणाऱ्या बोअरच्या पाण्यातही फ्लोराइड जास्त असू शकतं आणि पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, हे यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांनी सोसलंय.

दारात येणारे फिल्टर विक्रेते आणखी एक प्रयोग दाखवतात. दोन ग्लास, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या मशीनचं. दोन्हीत सळया बुडवून वीज सोडतात. नळाचं पाणी बघता बघता गढूळ तपकिरी होतं, वर फेस येतो, आणि घरातली आजी घाबरून म्हणते, “अगं बाई, हे पीत होतो आपण?” तो रंग पाण्यातला नसतो, सळईच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते आणि लोखंड झिजून गंज होतो. त्यांच्या पाण्यात क्षारच नसल्यामुळे वीज वाहत नाही आणि सळई झिजत नाही. स्वच्छ विहिरीच्या उत्तम पाण्यालाही हाच रंग येईल. आया-आज्यांच्या काळजीवर असा धंदा चालतो याचा मला मनापासून राग येतो.

जे शोधाल तेच सापडेल

आता शेगावला परत जाऊ.

पाणी तपासायला देताना घटक निवडावे लागतात. “सगळं तपासा” अशी तपासणी जगात कुठेच नाही. नायट्रेट मागितलं तर नायट्रेटचा आकडा येतो, शिशाबद्दल अहवाल चकार शब्द काढत नाही. म्हणून “पाणी तपासलं, काही निघालं नाही” या वाक्याचा खरा अर्थ “जे विचारलं त्यात काही निघालं नाही” एवढाच. नेहमीच्या यादीत कीटकनाशकं नसतात. सेलेनियमही सहसा नसतं.

आणि मुळात पाणीच का? तिथलं पाणी वर्षानुवर्षं खारट होतं. केस डिसेंबरात अचानक गळायला लागले. जुन्या गोष्टीवर नव्या रोगाचा आळ घ्यायचा तर मध्ये काय बदललं ते दाखवावं लागतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पथकांनी नमुने नेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी आपण त्यांना ओळखतो, त्यांनीही गावांत जाऊन रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू असे वेगवेगळे नमुने घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: सेलेनियम नेहमीपेक्षा रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट, आणि रेशनच्या गव्हात तिथे पिकलेल्या गव्हापेक्षा ६०० पट.

त्यांनी दिलेल्या आकड्यांतला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. गहू त्यांनी न धुता तपासला आणि धुऊनही. न धुतलेल्यात किलोला सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम, धुतलेल्यात सुमारे साडेतेरा. फरक किरकोळ. वरून धूळ-माती किंवा फवारा चिकटला असता तर धुतल्यावर आकडा धाडकन उतरला असता. तो उतरला नाही, म्हणजे सेलेनियम दाण्याच्या आत होतं. एक साधा ताळा, पण गहू गोदामात बिघडला की शेतातच, या प्रश्नाची दिशाच त्याने ठरते.

हिशेब करून बघा. दिवसाला तीनशे ग्रॅम पीठ पोटात गेलं तर साधारण चार मिलिग्रॅम, म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅम सेलेनियम. मोठ्या माणसाला रोज सोसवतं ते जास्तीत जास्त ४०० मायक्रोग्रॅम धरतात; त्याच्या बरंच वर गेलं की केस गळायला लागतात. उलट पिण्याच्या पाण्यातली सेलेनियमची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. तीन लिटर प्यायलं तरी तीस. सगळ्यांचं लक्ष घागरीकडे असताना खरा बोजा परातीत निघाला, तो असा.

“४४ पास आणि ४६ नापास, हे कसलं शास्त्र?”

रास्त प्रश्न. प्रत्येक मोजणीत थोडी थरथर असते. ४४ लिहिलेलं असेल तेव्हा खरा आकडा ४१ ते ४७ मध्ये कुठेही असू शकतो, आणि चांगल्या अहवालात तसं नमूद असतं. ४५ ही रेघ माणसांनी, बाळांची काळजी धरून, थोडी राखीव जागा ठेवून ओढलेली आहे. तिच्या अलीकडे अमृत आणि पलीकडे विष असं नसतं.

त्यात विहीर बारा महिने एकसारखी नसते. पावसाळ्यात शेतातलं नायट्रेट धुपून खाली उतरतं आणि उथळ विहिरीत वाढतं. कधी भरपूर पुनर्भरण झालं की पातळ होऊन कमीही होतं. मे महिन्यातला आकडा आणि ऑक्टोबरातला आकडा वेगळे येणारच. उथळ विहिरीत नायट्रेटची भीती, खोल बोअरमध्ये फ्लोराइडची. म्हणून गावाची “सरासरी” सांगितली तर मी नेहमी विचारते: कुठल्या विहिरीचं? पाच विहिरींची सरासरी ३० येते तेव्हा चार १५ च्या असू शकतात आणि पाचवी ९० ची. त्या पाचवीवर पाणी भरणाऱ्या घराला सरासरी पाजता येत नाही.

आपल्या विहिरीचं काय करायचं?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांत सामान्य माणसालाही माफक शुल्कात पाणी तपासून मिळतं. बाटली तिथूनच मागून घ्या. गावात जलसुरक्षक असतो, पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका असतात. ते किट रंगावरून अंदाज सांगतं, आणि चाळणी म्हणून ते चांगलं आहे: रंग गडद आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. ओटी टेस्टने नळाच्या पाण्यात क्लोरिन उरलंय का ते मिनिटात कळतं. एच२एसची बाटली काळी पडली तर पाण्यात मैल्याचा शिरकाव झाल्याचं समजायचं, आणि अहवालाची वाट न बघता पाणी उकळायला घ्यायचं.

उकळण्याबद्दल मात्र एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. जंतू मरतात, पण नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक तसेच राहतात. उलट चार लिटर पाणी आटून तीन लिटर झालं तर ४५ चे ६० होतात. तुरटीने, टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने), कापडाच्या गाळणीनेही नायट्रेट जात नाही. आरओने कमी होतं. तेही नसेल, तर नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीचं पाणी मोठी माणसं वापरत असली तरी वरचं दूध पिणाऱ्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची दुधाची पावडर त्यात कालवू नका. बाळापुरतं एक-दोन लिटर पाणी तपासलेल्या दुसऱ्या ठिकाणाहून आणा. ओठांभोवती किंवा नखांशी निळसर झाक दिसली तर तडक दवाखाना गाठा आणि घरात कुठलं पाणी वापरता ते डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगा.